बाटलेला कान

आश्विन सरत आला होता आणि हिवरवाडीच्या माळाला पिवळ्या रंगाचं वेड लागलं होतं. पिवळा तरवड, पिवळ्या बाभळी, वाळून कडकडीत झालेलं पिवळं कुसळ, आणि या सगळ्यावर डोकं फिरल्यासारखा तळपणारा मध्यान्हीचा पिवळा सूर्य. हे पिवळं कोवळं नव्हतं, केशरी नव्हतं, लग्नपत्रिकेवरच्या हळदीचं नव्हतं. ते चावरं होतं. डोळ्यांतून आत शिरायचं आणि कवटीत ठाण मांडून बसायचं. माळावरची माणसं त्याबद्दल फार बोलत नाहीत. 'तापलंय' म्हणतात आणि कामाला लागतात.

त्या तप्त, तृषार्त, ताम्रवर्ण मुरमाच्या पाठीवर बिरोबाचं देऊळ होतं. देवळापुढे पटांगण होतं. आणि पटांगणात आज हेडाम खेळलं जाणार होतं.

हेडाम म्हणजे काय, हे माळाखाली राहणाऱ्यांना सांगावं लागतं. धनगरी ढोल वाजतो, कैताळांच्या थोरल्या झांजा झणाणतात, आणि मानाच्या घरातला पुरुष नागवी तलवार घेऊन नाचतो. नाचता नाचता ती तलवार तो स्वतःच्याच उघड्या पोटावर हाणतो. देव पुरे म्हणेपर्यंत हाणत राहतो. अंगात वारं भरलं असेल तर धार लागत नाही. नसेल तर लागते. आणि हे वारं आणतो तो ढोल. आता तुम्ही नाक मुरडाल. खुशाल मुरडा, हिवरवाडीला तुमच्या नाकाशी काही देणंघेणं नाही.

ढोलाच्या दोन लयी असतात. संथ असते ती 'चाल', आणि शेवटची, बेभान, ती 'घाई'. घाईतच वारं भरतं. म्हणून ढोल वाजवणाऱ्या हाताकडे गाव देवाकडे बघावं तितक्याच भीतीने बघतं.

तो हात लवट्यांच्या घरातला. पण यंदा थोरल्या म्हाळाप्पा लवट्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं, देवाचं नव्हे, दवाखान्यातलं. बाजेवर पडल्या पडल्या तो आपल्या लुळ्या हाताकडे बघत राही. घरात ढोलाचा मान पेलणारा उरला होता फक्त धाकटा, धुळाप्पा. आणि धुळाप्पाचा तर कान बाटला होता.

*

सोळा वर्षांचा धुळाप्पा कुणी निराळाच होता.

थोरला भाऊ ढोल वाजवायचा, तेव्हा हा दुसऱ्या बाजूला जाऊन ढोलाच्या अंगाला छाती लावून उभा राहायचा. ठोका कातड्यावर पडे आणि या पोराच्या बरगडीत उमटे. बरगड्या वाजत, दात वाजत, मांडीतलं रक्त वाजे. त्याच्या वयाची पोरं रेडिओवरची सिनेमाची गाणी गुणगुणत मेंढरं राखायची. हा तोंड वाकडं करून विचारायचा, "ह्यात हाणामारी कुटं हाय?"

त्याला गोड नको होतं. मंजुळ नको होतं. मधुर, मृदुल, मोहक असलं काहीच नको होतं. त्याला हवा होता तो दिशा फाडणारा, अस्थिभेदी, रक्तोन्मत्त नाद, ज्याच्यापुढे माणूस स्वतःचं नाव विसरतो. भाऊ दमला की हा ढोल गळ्यात अडकवी, उजव्या हातातल्या काठीने आणि डाव्या हाताच्या तळव्याने असा बडवत सुटे, आणि तळवा फुटेपर्यंत थांबत नसे. बकऱ्याच्या कातड्यावर माणसाचं कातडं फुटायचं. रक्त चाखलं की ढोल जास्त बोलतो, असं तो बरोबरीच्या पोरांना सांगे. पोरं विश्वास ठेवत, कारण त्याचा स्वतःचा विश्वास होता.

ते वयच तसं. त्या वयात जे कानात शिरतं ते पाहुण्यासारखं येत नाही, मालकासारखं येतं. घराच्या किल्ल्या मागून घेतं.

मग माळ आटला. चराई आटली, कळप आटला, आणि मिसरूड नीट फुटायच्या आत धुळाप्पा मिरजेला एका पिठाच्या गिरणीत कामाला लागला.

गिरणी दिवसभर गर्जे. पट्टा फडफडे, जातं घरघरे, भिंती थरथरत, आणि धवलधूसर पिठाच्या ढगात धुळाप्पा सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभा. पहिले काही महिने त्याला ते आवडलं. मग एका सकाळी, पट्टा चढवायच्या आधी, मागच्या खिडकीतून एक आवाज आला. बाईचा आवाज. एकच सूर, न हलणारा, न संपणारा, न ओरडणारा.

"कुणाचं प्वाट दुखतंय का काय?" त्याने पहिल्या गिऱ्हाइकाला विचारलं.

पोट कुणाचं दुखत नव्हतं. मागच्या खोलीत कालिंदीबाई नावाच्या वयस्कर गाणाऱ्या बाई राहायच्या आणि रोज सकाळी षड्ज लावायच्या. नुसता 'सा'. दुसऱ्या दिवशी धुळाप्पाने तो पुन्हा ऐकला, तिसऱ्या दिवशी तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, आणि चौथ्या दिवशी बाईंचा सूर संपेपर्यंत त्याने गिरणी सुरूच केली नाही. दारात डब्यांची रांग लागली.

"आरं, चालू कर की! मुहूर्त काढतोस का काय?" बायका कावल्या.

पुढे ती त्याची रीतच झाली. बाईंचं गाणं आटोपल्याशिवाय गिरणी बोलायची नाही. वर्षं गेली, केसांत पिठाबरोबर पांढरे केसही मिसळले, आणि धुळाप्पाच्या कानाला संथपणाची गोडी लागली. तोडी, ललत, भैरव ही नावं त्याला कळली. रागाची चढण कशी पायरीपायरीने चढायची, एका सुरावर किती वेळ बसून राहायचं, हे ऐकता ऐकता त्याचे डोळे मिटू लागले. त्याने छोटा रेडिओ घेतला. त्यावर कुणी ताशा वाजवू लागलं की तो कान पिळल्यासारखा बटण पिळायचा.

जत्रेला तो गावी यायचा. पण पटांगणात घाई सुरू झाली की हा देवळामागे जाऊन बसायचा. एका वर्षी कुणीतरी त्याला तिथे दोन्ही कानांत बोटं घालून बसलेलं पाहिलं, आणि झालं. गावाला विषय मिळाला.

"धुळ्याचा कान बाटला."

"त्वांड बाटलं तर गोमूत्र पाजता येतं. कानाला काय पाजावं?"

हा प्रश्न हिवरवाडीत पुढे कित्येक वर्षं टिकला. धुळाप्पाही हसायचा. त्याला मनातून वाटायचं, हे लोक लहान राहिले आणि आपण मोठे झालो. ते सोळावं वर्ष म्हणजे एक ताप होता, आला आणि उतरला. असं वाटण्यात त्याचं काही चुकलं नाही. आपल्या जुन्या आवडीनिवडींना आपण सगळेच असे हसतो, जुना फोटो बघून केसांच्या भांगाला हसावं तसे. फोटोतला माणूस मेलाय असं आपण धरून चालतो.

*

त्याची बहीण बाणाक्का मिरजेला आली ती जत्रेच्या तोंडावर. गिरणीच्या दारात उभी राहिली. पट्टा थांबायची वाट बघत राहिली. थांबल्यावर म्हणाली,

"धुळू, औंदा ढोल तू वाजवायचा."

"आक्का, माझ्यानं न्हाई हुत. मला त्यो आवाज सोसत न्हाई आता."

"म्हणूनच तर तू पायजेस."

धुळाप्पाला कळेना. बाणाक्का पिठाच्या पोत्यावर बसली आणि तिने सरळ सांगून टाकलं. तलवारीचा मान तिच्या सासरच्या घराचा. नवरा मेंढरांमागे फिरताना कोकणाच्या वाटेवर तापाने गेला, तेव्हापासून त्याचा चुलता खेळायचा. आता चुलता थकला. यंदा तलवार सिदूच्या हातात जाणार होती. सिदू, तिचा एकुलता एक, ओठांवर नुकती काळी रेघ उमटलेला.

"दुसऱ्या कुणी ढोल घिटला तर घाई लावील," ती म्हणाली. "आन माझं पोरगं पेटलं तर थांबायचं न्हाई, मी वळखते त्याला. तू सावकाश वाजीव. तुला सावकाशच आवडतं न्हवं?"

"आवडतं की."

"मग तेवढंच कर. माझं एकच हाय रं."

साऱ्या गावाने ज्या कानाची टिंगल केली, त्या कानावर या एका बाईने आपलं लेकरू ठेवलं. पिठाने पांढरा झालेला हात धुळाप्पाने तिच्या हातावर ठेवला आणि शब्द दिला. इतका सोपा शब्द आपण आजवर कुणालाच दिला नाही, असंच त्याला वाटलं.

*

पटांगण भरलं. फेटे, पटके, घोंगड्या, पोरंटोरं, कडेवरची, खांद्यावरची. देवळाच्या पायरीवर भंडाऱ्याची पोती फोडून ठेवली होती. मूठ मूठ हळद हवेत जात होती आणि त्या धगधगत्या पिवळ्यात आणखी पिवळं मिसळत होतं.

धुळाप्पाने ढोल गळ्यात अडकवला. दोराचा भार मानेवर पडला, नेमका त्याच जागी, जिथे पूर्वी पडायचा. मान दचकली. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

म्हातारा पुजारी जवळ आला. त्याला बाणाक्काचा बेत कुणीतरी सांगितला असावा.

"धुळाप्पा, वारं भरलं न्हाई तर धार लागंल. सावकाश वाजवून पोराला मारशील तू."

आणि सिदू? सिदू कमरेला काळं नेसून, उघड्या अंगाला भंडारा फासून उभा होता. कृश, कोवळा, कांतिमान. पोट आत गेलेलं, श्वासाबरोबर हलणारं. त्या पोटाकडे बघून धुळाप्पाला भीती वाटली. पोर मात्र हसत होतं.

"मामा, कंजूषपणा करू नगंस," ते म्हणालं. "मला पेटीव."

बायकांच्या गर्दीत, पुढच्याच रांगेत, बाणाक्का उभी होती. पदराचं टोक तिने दातांत धरलं होतं. ती भावाकडे बघत होती, लेकराकडे नाही.

धुळाप्पाने चाल सुरू केली.

एक ठोका. मग शांतता. मग एक ठोका. कालिंदीबाईंच्या खिडकीतून शिकलेलं सगळं त्याने त्या दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत ओतलं. ठोका पडे आणि त्याचा घुमारा माळभर पसरून परत येईपर्यंत तो थांबे. खरं सांगायचं तर ते वाजवणं सुंदर होतं. इतका गंभीर, इतका घनगहन ढोल हिवरवाडीने कधी ऐकला नव्हता, आणि हिवरवाडीला तो मुळीच आवडला नाही.

"भजन लावलंय का रं?"

"बाटलं, बाटलं! ढोल बी बाटला!"

सिदू त्या संथ लयीवर नाचत होता. पाऊल उचले, वाट बघे, पाऊल टाके. तलवार वर जाई आणि तिथेच रेंगाळे. दोन ठोक्यांच्या मधे पोराला विचार करायला वेळ मिळत होता, आणि विचार म्हणजे भीती. त्याचं मनगट कापू लागलं. तलवार पोटावर आली ती सरळ आली नाही, तिरपी आली. बेंबीच्या वर एक तांबडी बारीक रेघ उमटली. तिच्यातून एक थेंब निघाला आणि हळदीतून वाट काढत खाली उतरला.

गर्दी श्वास धरून गप्प झाली. पुजाऱ्याने धुळाप्पाकडे पाहिलं.

धुळाप्पाने तो थेंब पाहिला. पुजाऱ्याचं खरं ठरत होतं. वारं भरलं नव्हतं आणि धार लागत होती. त्याने बहिणीकडे पाहिलं. ती मान हलवत होती, नको, नको. पण रक्त तर आलंच होतं. थोडीशी वाढवू, तो मनाशी म्हणाला. पोरासाठी. अगदी थोडीशी.

आणि त्याने लय वाढवली. यात कपट नव्हतं. तो पोरालाच वाचवत होता. हे मी त्याच्या बाजूने सांगतो, कारण यानंतर त्याच्या बाजूने सांगण्यासारखं फार काही उरत नाही.

*

लय थोडी वाढली. सिदूचं मनगट सावरलं. आणखी थोडी वाढली. त्याचे डोळे वर चढले, ओठ सुटले, आणि तलवार पोटावर आदळून चिमटाही न घेता मागे फिरली. कैताळवाल्यांना धीर आला. त्यांनी झांजा उघडल्या. वारं भरलं! गर्दीने आरोळी ठोकली, भंडाऱ्याच्या मुठी सुटल्या, आणि दिवसाढवळ्या पटांगण हळदीच्या धुक्यात बुडालं.

इथपर्यंत सगळं पोरासाठी होतं.

मग ठोका धुळाप्पाच्या बरगडीत उमटला.

तो ओळखीचा होता. तो तसाच होता. इतक्या वर्षांच्या पिठाखाली, इतक्या वर्षांच्या तोडी-ललताखाली तो दबा धरून बसला होता. न थकलेला, न म्हातारा झालेला, न उपाशी मेलेला. बरगडी वाजली. दात वाजले. मांडीतलं रक्त वाजलं. आणि पन्नाशीकडे झुकलेल्या त्या गिरणीवाल्याच्या अंगातून सोळा वर्षांचं पोर दार फोडून बाहेर आलं.

घाई!

ढोल म्हणाला, हाण. झांजा म्हणाल्या, हाण. ऊन म्हणालं, हाण. उजवा हात दिसेनासा झाला, डावा तळवा दिसेनासा झाला, उरला तो नुसता नाद. प्रचंड, प्रमत्त, प्रलयंकर. देवळाच्या भिंतीवर आपटून परतणारा, परतून पुन्हा आपटणारा. कळसावरची कबुतरं उडाली ती उतरायला धजेनात. आयांच्या कडेवरची पोरं रडायला लागली आणि त्यांचं रडणं कुणाला ऐकू आलं नाही. धुळीचे लोट, हळदीचे लोट, घामाचे लोट. पाती लखलखत होती, पोटावर पडत होती, उठत होती. पडत होती, उठत होती. पडत होती.

तळवा फुटला. कातड्यावर लाल ठसा उमटला. ढोल जास्त बोलू लागला.

धुळाप्पाला आनंद झाला. हे झाकून काही उपयोग नाही. त्याला असा आनंद झाला, जसा मिरजेच्या एकाही सकाळी झाला नव्हता. तिथल्या सकाळींत त्याने सुख अनुभवलं होतं, शांती अनुभवली होती, डोळे ओले झाले होते. पण हा आनंद होता. हा त्याला आतड्यापासून धरून गदागदा हलवत होता.

एकदा, फक्त एकदा, त्याला शुद्ध आली. त्याने मनात तो सूर शोधला, कालिंदीबाईंचा, न हलणारा, न ओरडणारा. जिथे तो रोज असायचा तिथे पाहिलं. तिथे ढोलच होता.

पुजाऱ्याने दोन्ही हात वर केले. "पुरं! देव पावला! पुरं!"

कैताळ थांबले. आरोळ्या थांबल्या. रीतीप्रमाणे ढोलाने त्याच क्षणी थांबायचं असतं, कारण जोवर ढोल वाजतो तोवर तलवारीला थांबता येत नाही. देव पुरे म्हणाला होता.

ढोल थांबला नाही.

"धुळू!" बाणाक्का किंचाळली.

धुळाप्पाने तिच्याकडे पाहिलं. पाहिलं आणि वाजवत राहिला. सिदूच्या अंगातलं वारं उतरलं होतं. डोळे खाली आले होते, चेहरा पोराचा झाला होता, भेदरलेला. पण पाय ढोलाचे होते आणि हात ढोलाचा होता. तलवार पुन्हा वर गेली. तिला थांबवणारा देव आता तिथे नव्हता, फक्त वाजवणारा होता.

पाती खाली आली आणि या वेळी मागे फिरली नाही.

हळद लाल झाली. सिदू गुडघ्यांवर बसला, आपल्याच पोटाकडे नवल वाटल्यासारखा बघत. उष्ण, उफाळतं, उन्हात चकाकणारं रक्त मांड्यांवरून मुरमावर उतरलं. आणि तरीही, बिरोबा साक्ष आहे, तरीही ढोलावर आणखी काही ठोके पडले.

मग ढोल थांबला. एवढी मोठी शांतता माळावर कधी पडली नव्हती.

पुजाऱ्याने भंडाऱ्याची ओंजळ जखमेत दाबली. कुणीतरी फेटा सोडला, कुणीतरी पोटाला आवळला. "आतडं वाचलंय," पुजारी ओरडला. "वरच्यावर निभावलंय. गाडी काढा, तालुक्याला न्या!"

बाणाक्का लेकराकडे धावली नाही. आधी ती भावाकडे गेली. तिने त्याच्या थोबाडीत मारली. एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. ढोल गळ्यात तसाच होता. तिच्या धक्क्याने तो गुणगुणला.

"सावकाश म्हनलं हुतं तुला."

धुळाप्पाने तोंड उघडलं. त्याच्याकडे सांगण्यासारखं होतं. पहिली रेघ चालीवरच उमटली होती, पुजाऱ्याने आधीच बजावलं होतं, त्याने पोरासाठीच लय वाढवली होती. हे सगळं खरं होतं.

"तू हसत हुतास, धुळू," ती म्हणाली. आवाज चढवून नव्हे, हळूच. "पोराचं रक्त सांडाय लागलं, तवा बी तू हसत हुतास. मी बघितलं."

त्याच्याकडे होतं नव्हतं ते सगळं गळून पडलं.

"व्हय, आक्का," तो म्हणाला. "हसत हुतो."

*

पिकअप गाडी माळ उतरू लागली. मागच्या हौद्यात घोंगडी अंथरली होती. सिदूचं डोकं आईच्या मांडीवर होतं, पोटावरचा फेटा गच्च आवळलेला. रक्त थांबत आलं होतं. दवाखाना लांब नव्हता आणि ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला तो उचलला नव्हता.

बाणाक्काने भावाला गाडीतून उतरवलं नाही. चढ असंही म्हणाली नव्हती. तो कडेला बसून होता, फुटलेला तळवा गुडघ्यावर उताणा टाकून. पोराची धुगधुगी किती आहे ते कळावं म्हणून त्याने सिदूचं मनगट हातात घेतलं. बोटांखाली नाडी सापडली. वेगवान, विव्हल, बेभान. घाईच होती ती.

सिदूने डोळे उघडले. ओठ पांढरे पडले होते, तरी त्यांच्या कोपऱ्यात हसू होतं.

"मामा," तो म्हणाला, "लई भारी वाजीवलंस गा."

"गप पड, लेकरा," आई म्हणाली.

"फुडल्या वर्सी बी तूच वाजवायचं. दुसरा कुणी नगं. माझी आण हाय तुला." एवढं बोलून पोराने डोळे मिटले. श्वास लांबला, नीट पडू लागला. गाडीच्या हेलकाव्यात त्याला झोप लागली.

नाही म्हणायला हवं होतं. आताच, पोराला ऐकू जावो न जावो, आई ऐकत होती तोवर म्हणायला हवं होतं. धुळाप्पाला ते कळत होतं. त्याने जीभ हलवली. बोटांखाली नाडी चालली होती, जरा उतरली होती, पण अजून जोरकस, अजून जवान, आणि त्याचा अंगठा आपसूक तिच्यावर पडू लागला. अगदी हलका. नाडीबरोबर एक, नाडीच्या मधे एक. नाडीला पुढे ओढणारा एक.

बाणाक्काने त्या अंगठ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग झोपलेल्याची झोप मोडू नये इतक्या हळू तिने लेकराचा हात भावाच्या मुठीतून काढून घेतला आणि आपल्या पदराखाली झाकून ठेवला.

धुळाप्पाची मूठ रिकामी झाली. गाडी उतरत होती. खाली उसाचे मळे लागले, हिरवे, गार, गप्प. पाटाचं पाणी लागलं, सावल्या लागल्या. वारा अंगावरची हळद उडवून नेत होता. आणि त्या रिकाम्या मुठीत बोटं हलत होती. मालकाला न विचारता हलत होती. हलत होती. हलतच होती.